केशवअण्णांचे अकरा डबे

आधी हवालदार आला, मग कार्ड. कार्ड आधी आलं असतं तर माझ्या हातून एक पत्र लिहिलं गेलं नसतं... पण पोस्टाचं आणि पलटणीचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं.

मद्रासला ज्या लॅबोरेटरीत मी सिनेमाची फिल्म धुण्याचं काम करतो, तिच्या फाटकावर त्या गुरुवारी आमच्या साताऱ्याकडचा एक हवालदार येऊन उभा राहिला. सुट्टी संपवून पलटणीत परत निघालेला. त्याला मी लिहून कळवलं होतं, की मंगळवारी मिरज स्टेशनावर केशवअण्णा नावाचे गृहस्थ तुम्हाला गाठतील, एक लाकडी पेटी देतील, तेवढी जपून आणा. तो रिकाम्या हातानं आला होता. "गाडी सुटंपतूर दारात हुबा व्हतो बगा," तो म्हणाला, "तुमचा मानूस काय फिरकला न्हाई." मला इतका संताप आला, की त्याच दुपारी मी अण्णांना पत्र टाकलं. लॅबोरेटरीच्या मालकांच्या विनवण्या करून तुमच्यासाठी एक रविवार मागून घेतला आणि तुम्हाला सांगलीहून मिरजेपर्यंत तीन कोस यायला सवड झाली नाही, असं काहीबाही त्यात होतं. आयुष्यात अण्णांना रागानं लिहिलेलं ते माझं पहिलं पत्र.

तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. माझे दोन्ही हात औषधाच्या पाण्यात भिजलेले होते म्हणून फाटकावरच्या तमिळ शिपायानं ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. त्याचा अर्थ त्या बिचाऱ्याला कुठला ठाऊक, तो हसत होता, गावचं पत्र आलं म्हणून. अण्णांच्या बायकोच्या, शेवंतावहिनींच्या भावानं आष्ट्याहून लिहिलं होतं : "केशवराव मंगळवारी हरिपुरास पेवात उतरले असता गुदमरून वारले." वरखाली काही नाही. एवढी एकच ओळ.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. अण्णांचं नाव कुणी ऐकलं असण्याचं कारण नाही. त्यांचं एकही चित्र पडद्यावर लागलं नाही. तरी त्यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं, आणि लिहिणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नाही, म्हणून हे धाडस करतो आहे. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचं. त्यापुढचं जे काही लिहिता-वाचता येतं, ते अण्णांनीच शिकवलेलं.

माझे वडील गेल्यावर मी शाळा सोडली आणि साताऱ्यात मामांच्या घड्याळाच्या दुकानात बसू लागलो. अण्णा पहिल्यांदा तिथं आले तेव्हा मी तेविशीत होतो, ते तिशीच्या आसपास. त्यांनी कापडात गुंडाळलेली एक जड वस्तू काचेवर ठेवली आणि म्हणाले, "हे घड्याळ नीट करनार का?" मी कापड सोडलं. आत तळहाताएवढं पितळी चाक, त्याचा एक दात तुटलेला. मी म्हटलं, "आवं, ह्याला काटं न्हाईत, तबकडी न्हाई. हे कसलं घड्याळ?" तसे ते हसले. "घड्याळ म्हनलं म्हंजे तू हात तरी लावशील. क्यामेऱ्याचं चाक म्हनलं की मानसं पळत्यात. कोल्हापुरात दोघं पळालं." तीन दिवस कानस घासून मी तो दात बसवला. अण्णांनी माझंच भिंग माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "किती शिकलायस?" मी मान खाली घालून "तिसरी" म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले, "चौथीत गेला असतास तर कारकून झाला असतास."

तो कॅमेरा त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. सागवानी खोका, हातानं फिरवायचं हँडल, वर बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी कुणीतरी उचकटून काढलेली. उन्हाळ्यात खोका फुगायचा आणि दार लागायचं नाही, थंडीत आतलं तेल घट्ट होऊन हँडल फिरायचं नाही. फिल्म मध्येच वळी सोडून गोळा व्हायची, की अण्णा काळ्या कापडाच्या पिशवीत दोन्ही हात घालून, डोळे मिटून, ती सोडवत बसायचे. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पिशवीत कोंबडी धरून बसलाय. फिल्मही अशीच. लढाईचे दिवस, नवी फिल्म मिळायची नाही. कोल्हापूरच्या स्टुडिओतल्या एका ओळखीच्या माणसाकडून उरलेले, मुदत संपलेले तुकडे मिळायचे. ते जोडून जोडून एक डबा भरायचा.

अण्णा मूळचे आष्ट्याचे, नोकरी सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे. मामांचं दुकान बंद पडल्यावर त्यांनीच मला सांगलीला नेलं, आपल्या घराशेजारी खोली बघून दिली, घड्याळदुरुस्तीची गिऱ्हाइकं मिळवून दिली. संध्याकाळी ते मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचे. अडलो की सांगायचे नाहीत. "परत मागनं ये," एवढंच म्हणायचे. शेवंतावहिनी आतून ओरडायच्या, "अवो, त्याला जेवू तरी द्या, लढाई काय त्याच्या वाचण्यासाठी थांबलीया व्हय?"

चित्र काढायचं म्हणजे गोष्ट हवी, नट हवेत, असं मला वाटायचं. अण्णांना गोष्टच नको होती. "गोष्टी सांगायला तंबूत पिक्चर येत्यात की," ते म्हणायचे. "डोळ्याला दम नसतो म्हनून जे दिसत न्हाई, ते मला बघायचं हाय." म्हणजे काय, ते मला साताऱ्यात एका मार्गशीर्षात कळलं. अजिंक्यताऱ्याची सावली थंडीत गावावर उतरते. एका ओळखीच्या गच्चीवर आम्ही दुपारीच तिवई लावली. साठ आकडे मोजायचे आणि हँडलला एकच फेरा द्यायचा, की एक चित्र. परत साठ. दिवस मावळेपर्यंत. ते सगळं पडद्यावर अर्ध्या मिनिटात पळून जाणार होतं आणि किल्ला गावावरनं चालत गेल्यासारखा दिसणार होता. त्या गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. घरातल्या बाई वर आल्या, कॅमेरा बघून म्हणाल्या, "आवं, आमची मिरची बाजूला घेऊ का?" अण्णा आकडे मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "नगं वैनी. सावली तिच्यावरनंच जायची हाय." त्या बाई खाली जाऊन सुनेला काय म्हणाल्या ते आम्हाला स्वच्छ ऐकू आलं : "सावलीचा फोटो काढायलेत गं. दोघं बी चांगल्या घरचं दिसत्यात."

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात. पावसानंतर दोन्हींच्या पाण्याचा रंग वेगळा असतो आणि मध्ये एक रेघ डोलत राहते. त्या रेघेसाठी आम्ही तीन वेळा कराडला गेलो. पहिल्यांदा आतली चामड्याची पट्टी तुटली, दुसऱ्यांदा तिवईचा पाय वाळूत रुतून कॅमेरा पडता पडता राहिला, तिसऱ्यांदा सगळं सुरळीत झालं आणि परतीच्या गाडीत अण्णांना आठवलं, की भिंगावरची टोपी काढली होती की नव्हती याची खात्री नाही. शेवटी तेच म्हणाले, "काढली व्हती. तूच हातात धरून हुबा व्हतास." मला ते काही केल्या आठवेना. ते माझ्यासाठी म्हणाले असणार.

आता मुख्य अडचण सांगतो. काढलेली फिल्म धुतल्याशिवाय तिच्यावर काय उमटलंय ते कळत नाही, आणि आमची फिल्म धुवून देणार कोण? अगदी सुरुवातीला अण्णांनी घरीच बादल्या मांडून एक तुकडा धुतला. पाणी कोमट झालं आणि चित्रं साईसारखी सुटून निघाली. हातभर फिल्म तेवढी वाचली. सांगलीतल्या एका फोटोवाल्यानं तिच्यातली चार चित्रं कागदावर काढून दिली. हळदीचं खळं होतं ते. पण आमच्या त्या जुन्या जातीच्या फिल्मला पिवळा रंग दिसायचा नाही, त्यामुळं हळद कोळशासारखी काळी उमटली होती. अण्णा तो कागद उन्हात धरून लहान मुलासारखे हसले. "मालकाला दावू नगंस, नोकरी जायची माझी." आमच्या सहा वर्षांच्या उद्योगातलं आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच. मोठ्या लॅबोरेटऱ्या मुदत संपलेले तुकडे घेत नव्हत्या. बादलीचा खेळ परत करायची अण्णांची छाती झाली नाही. तेव्हा काढायचं, डब्यात भरून झाकण चिकटवायचं आणि ठेवून द्यायचं, असं ठरलं. असे अकरा डबे जमले.

ठेवायचे कुठं? पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात फिल्म टिकत नाही, भिंतीला वाळवी. अण्णा म्हणाले, "हळद ऱ्हाते तितं फिलम ऱ्हाईल." सांगलीजवळ हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं आहेत. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत खोलीएवढा पोकळ रांजण. आत हळद भरून तोंड शिळेनं आणि मातीनं बंद केलं, की वर्षानुवर्षं तिला कीड नाही, ओल नाही. मालकाची सगळी पेवं अण्णांच्याच देखरेखीखाली होती. त्यातल्या एका अर्ध्या भरलेल्या पेवात पोत्यांवर ती डब्यांची पेटी ठेवून त्यांनी तोंड बंद करून टाकलं.

पेव उघडण्याची एक रीत आहे. बंद पेवात हवा मरते. तोंड उघडून एक पुरता दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर नाही. एकदा मी उत्सुकतेनं तोंडाशी वाकलो, तर अण्णांनी माझी मानगूट धरून मागं ओढलं. कंदील सोडून दाखवला. निम्म्यात ज्योत आखडली आणि गेली. "बगितलंस? आत यम बसलाय. त्याला उटून जायला येळ द्यायचा." पंधरा वर्षांत त्यांच्या हाताखालचा एक माणूस दगावला नाही. कंदील सोडल्याशिवाय ते कुणाला उतरू देत नसत, मालक खोळंबला तरी नाही.

मद्रासची नोकरी मला अण्णांनीच मिळवून दिली. स्टुडिओतल्या त्या ओळखीच्या माणसाकडून चिठ्ठी आणली. माझा धीर होत नव्हता. भाषा येत नाही, आई साताऱ्यात एकटी, आजारी पडलो तर कोण... मिरजेच्या फलाटावर मी परत फिरायच्या बेतात होतो. अण्णा म्हणाले, "लय इचार करतूस गड्या. जा. आन् आपलं डबं धुवायची काय सोय हुती का बग." म्हणजे मी गेलो तो डब्यांसाठीच, असं म्हटलं तरी चालेल. आधी झाडलोट, मग यंत्रांची दुरुस्ती, मग अंधारखोली, असं करत चार वर्षं गेली. पोटाला आहे, आईला पाठवायला आहे. हे सगळं त्या माणसाचं देणं आहे.

यंदा उन्हाळ्यात आमच्या गुदामात एका डब्यानं पेट घेतला. ही फिल्म भयंकर पेटते, पाणी मारलं तरी विझत नाही. शेजारी काम करणाऱ्या माणसाचे हात कोपरापर्यंत भाजले. मी आधीच भित्रा. त्या दिवसापासून मला अण्णांचे डबे दिसू लागले. त्याच आठवड्यात मालकांनी एक रविवार मला लॅबोरेटरी वापरायला परवानगी दिली. मी बसून चार पानी पत्र लिहिलं. हवालदार मंगळवारी निघतोय, त्याच्याबरोबरच पाठवा, मालकांचं मन बदलायच्या आत. आणि डब्यांच्या दहा हात जवळ आग येऊ देऊ नका, विडी नको, काडी नको, कंदीलसुद्धा नको. तुम्हाला माझी शपथ आहे...

ते पत्र त्यांना सोमवारी मिळालं.

महिन्यानं मला रजा मिळाली तेव्हा मी हरिपुरात गेलो. पेवांवर काम करणारा धोंडी त्या दिवशी दोरीवर होता. मला बघून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. मग एकदम म्हणाला, "सकाळी तोंड उघडलं. म्या म्हनलं, अण्णा, उद्या काढू. तर म्हनले, न्हाई, सांजच्या गाडीला द्यायचं हाय. म्हनलं, मग कंदील तरी सोडू. म्या पेटवला बी व्हता. माझ्या हातातनं घिऊन इजवला त्येनी. म्हनले, आत फिलम हाय रं, भडका उडंल, महादूनं शपत घातलीया. सकाळधरनं उघडं हाय, झालं असंल साफ..." त्यानं पेवाच्या तोंडाकडं बोट केलं. "आपुनच उतरले. मला उतरू दिलं न्हाई. पेटी बांधली, दोरी हलीवली, म्या पेटी वर घेतली. परत दोरी सोडली. हाका मारल्या. दोरी काय हलली न्हाई."

महादू म्हणजे मी. धोंडीच्या बोलण्यात मला कुठं बोल लावलेला नव्हता. जे झालं ते त्यानं सांगितलं.

तिथून मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला. फळीवरून एक पाकीट काढून माझ्यापुढं केलं. माझंच, रागाचं, न फोडलेलं. "त्यांच्या नावाचं हाय म्हनून मी कुनाला फोडू दिलं न्हाई. तुमचं तुमी घ्या," म्हणाल्या. त्यात काय आहे ते मी सांगितलं नाही. मग त्यांनी कोपऱ्यातली पेटी पुढं सरकवली. "भावजी, तुमी काळजीनंच लिवलं व्हतं. ते मला कळतंय. आता ह्यात काय हाय तेवढं बगा आन् मला कळवा. सहा वर्सं हा मानूस कशाच्या मागं व्हता, ते मला तरी कळू दे."

मद्रासला परतल्यावर मालकांनी दुसरा एक रविवार दिला. सकाळपासून मी एकटा होतो. फिल्म पूर्ण अंधारात काढावी लागते, त्यामुळं हातांनीच झाकणं उघडली. प्रत्येक डब्यात फिल्मवर एक कागद ठेवलेला लागला, ते कागद चाचपडत बाजूला ठेवत गेलो. एकेक फिल्म औषधातून काढली, धुतली, आणि सगळ्या झाल्यावर दिवा लावला.

दहा फिल्मा काळ्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावली नाही, कराडची रेघ नाही, काही नाही. अकरावी मात्र काचेसारखी स्वच्छ निघाली. पुष्कळ वेळ मला ते उमगलंच नाही. मग लक्षात आलं, की अकरावी कॅमेऱ्यात कधी गेलीच नव्हती. ती कोरी होती. उजेड लागलेली फिल्म औषधात काळी पडते, न लागलेली स्वच्छ निघते. आणि मुदत संपलेली, वर्षानुवर्षं पेवात पडलेली कोरी फिल्म जर इतकी स्वच्छ राहिली असेल, तर पेवानं काही बिघडवलेलं नव्हतं. अण्णांचा हिशेब बरोबर होता. बिघाड कॅमेऱ्यातच होता. त्या हातभर तुकड्यानंतर, पहिला डबा भरायच्या आधी, कॅमेऱ्याच्या दाराच्या फटीतून उजेड शिरू नये म्हणून लावलेली, पण कसर लागलेली मखमल काढून तिथं डोक्यावरच्या जुन्या टोपीचं काळं कापड मी बसवलं होतं. उजेड तिथून शिरत होता. पहिल्या दिवसापासून.

मग ते कागद वाचायला घेतले. हळदीच्या वजनाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर अण्णांच्या बारीक अक्षरात, कुठल्या डब्यात काय काढलं, आभाळ कसं होतं, किती वेळा अडलं. तिसऱ्या डब्यातल्या चिठ्ठीवर होतं : "सातारा, सावली. ढग दोनदा आले. महादू सारखा विचारतो, दाराला फट नाही ना? नाही म्हणून सांगितले. त्याचे काम चोख असते." अकरावीवर एवढंच : "कोरी. धुवू नये. महादू सुट्टीवर आला की आपण बाजूला बसायचे आणि सबंध डबा त्याला काढू द्यायचा. त्याला काय बघावेसे वाटते ते बघू."

वहिनींना अजून उत्तर लिहिलेलं नाही. कार्ड आणून ठेवलंय, वर पत्ता घातलाय. त्यांना वाचता येत नाही, कुणीतरी वाचून दाखवणार, आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल ते मला इथून दिसतं... काळ्या दहा फिल्मा मी लॅबोरेटरीत ठेवल्या आहेत. अकरावी खोलीवर आणली. खिडकीजवळच्या दोरीवर ती लोंबते आहे, पलीकडचा रस्ता तिच्यातून सरळ दिसतो. पहिल्या दिवशी मी ती पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहिली, तेव्हा माझ्या बोटांचे ठसे तिच्यावर उठले. पुसायला गेलं तर आणखी उठतात, म्हणून आता हात लावत नाही.